काढून टाकलेला रकाना

समीरने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच बघा."

हे वाक्य त्याला मीच शिकवलं होतं. विद्यार्थ्याला उत्तर सांगायचं नाही, पडदा त्याच्याकडे वळवायचा. फरक इतकाच की या वेळी पडद्यावर माझं स्वतःचं पोट होतं.

तपासणीचं नाव सीटी एन्टेरोग्राफी. लिटरभर गुळमट पाणी तासाभरात प्यायला लावून लहान आतडं फुगवतात आणि मग त्याचे फोटो काढतात. उजवीकडे, खाली, लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे माझं आतडं शाईच्या रेघेइतकं बारीक झालेलं दिसत होतं. त्याच्या आधीचा भाग सायकलच्या ट्यूबसारखा फुगला होता. याला स्ट्रिक्चर म्हणतात. आतल्या जखमा भरताना वण तयार होतो, वण आकसतो आणि रस्ता अरुंद होतो. अन्न तिथे येऊन थांबतं आणि मागून आणखी अन्न येत राहतं.

मी ते समीरच्या आधी वाचलं. मग लक्षात आलं की तो पडद्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. निदान सांगताना पेशंटचा चेहरा बघावा, हेही त्याला मीच शिकवलेलं.

"क्रोन्स?" मी विचारलं.

"किंवा टीबी. बायोप्सीशिवाय बोलणार नाही. तुम्हीच ओरडाल."

क्रोन्स म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते तो आजार. तो बरा होत नाही, ताब्यात ठेवावा लागतो. टीबी बरा होतो. म्हणून त्या दिवशी लालबागच्या पुलावरून टॅक्सीने गिरगावला परत येताना मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला टीबी असावा अशी इच्छा केली. शेजारी बसलेल्या अरुणला, माझ्या नवऱ्याला, तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या मागण्याच वेगळ्या असतात, नलू."

हे मी लिहिते आहे ते ज्यांना हा आजार झाला आहे किंवा ज्यांच्या घरात तो आहे, अशांसाठी. औषधांची माहिती तुमचे डॉक्टर देतील. मी जे सांगणार आहे ते डॉक्टर बहुधा विचारत नाहीत आणि पेशंट बहुधा सांगत नाहीत. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात माझी सगळी नोकरी झाली. आतडं आजारी असताना माणसाला कसं जगवायचं, किती आणि काय खायला घालायचं, हा माझा संशोधनाचा विषय. तरीही मला हे माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं आणि मी ऐकलं नव्हतं. ते पुढे येईलच.

लक्षणं सहा महिन्यांपासून होती. जेवल्यावर पाऊण तासाने पोटात गुडगुड व्हायची, मग उजवीकडे एक गाठ उभी राहायची, पिळवटून काढायची आणि विरून जायची. वजन उतरत होतं. त्या काळात एका परिषदेत माझा सत्कार झाला. दीपप्रज्वलनाला समईची वात चार मान्यवरांना मिळून पेटेना, हे नेहमीचंच. शाल पांघरताना अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "काय मस्त बारीक झालात, मॅडम. आम्हालाही डाएट सांगा." व्यासपीठावर पोटविकारांचे सात तज्ज्ञ बसले होते. आठवी मी. एकालाही शंका आली नाही.

बायोप्सी म्हणजे दुर्बिणीतून आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासणं. निकालाला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात तीनदा बसले. डॉक्टर म्हणून त्या खुर्च्यांसमोरून मी रोज गेले असेन, पण त्यांची पाठ इतकी सरळ आहे आणि वरचा पंखा नेमका मानेवर येतो, हे कळायला पेशंट व्हावं लागलं. वजन उतरलं की थंडी फार वाजते. घरी कपाटात सत्काराच्या शालींची चळत होती. त्यातली एक मी पांघरून बसत असे. इतक्या वर्षांत एखादी शाल कामाला आली ती अशी.

निकाल क्रोन्सचा आला. वण जुना आणि घट्ट होता. औषधाने सुटणारा नव्हता. तेवढा भाग कापून दोन टोकं जोडायला हवी होती.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मोजकं बोलणारे होते. त्यांनी माझं वजन पाहिलं, अल्ब्युमिन पाहिलं. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन. ते कमी असलं तर अशा पेशंटची जोडलेली टोकं जुळून येण्याचा भरवसा नसतो. ते म्हणाले, "सहा आठवडे देतो. निदान चार किलो वाढवा. वजन नाही तर ऑपरेशन नाही."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि ते बोलणारा आवाज बाईचा होता.

आहारतज्ज्ञ पूजा ही पंचविशीतली हसरी मुलगी. तिने मला दिवसाचा आहार लिहून दिला. मऊ भात, गाळलेलं मुगाचं कढण, अंडं, साल काढून उकडलेला बटाटा आणि दिवसातून चारदा पाण्यात कालवायची व्हॅनिलाच्या वासाची पोषक पावडर. चोथा असलेलं काही नाही. मग तिने दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, एक कागद पुढे केला.

"मॅडम, तुमचाच फॉर्म. तुम्हाला काय समजावणार मी?"

तो ‘दैनिक आहार-नोंद’ होता. मी तरुणपणी तयार केलेला. प्रतीवरून प्रती काढत त्याच्या रेघा तिरक्या झाल्या होत्या, पण तळाला माझं नाव अजून वाचता येत होतं. वेळ, पदार्थ, दिलेलं प्रमाण, घेतलेलं प्रमाण. चार रकाने. मूळ फॉर्मला पाच होते. पाचवा होता ‘उरले’. तो मी काढून टाकला, कारण सगळे पेशंट त्यात ‘काही नाही’ लिहीत. जी माहिती बदलत नाही तिच्यासाठी जागा कशाला अडवायची, असा माझा मुद्दा होता. या सुटसुटीतपणाचं परिषदांमधून कौतुक झालं. त्याच फॉर्मवर आधारलेल्या अभ्यासाला सुवर्णपदक मिळालं. पदक सोन्याचं नव्हतं, पण डबी मखमली होती.

अरुणने त्याचं सगळं आयुष्य माझगावला जहाजांचे आराखडे काढण्यात घालवलं. मिलिमीटर चुकला तर बोट बुडते, या समजुतीने तो भाजीही चिरतो. निवृत्तीनंतर त्याला मोजायला काही उरलं नव्हतं. माझ्या आजारपणाने ती सोय केली. त्याने मापाची वाटी आणली, स्वयंपाकघरात वजनकाटा मांडला, कढण दोनदा गाळलं. पेज माझ्यापुढे ठेवून तो समोरच्या खुर्चीवर बसायचा आणि पेपर वाचतो असं दाखवायचा.

"संपली?"

"संपतेय."

"घाई नाही. मी आहे इथेच."

हीच अडचण होती.

पहिले चार दिवस मी खरंच सगळं खाल्लं. पाचव्या दिवशी दुपारी जेवणानंतर कळ आली ती दोन तास गेली नाही. मी पलंगाच्या कडेला वाकून बसले होते आणि अरुण हातात गरम पाण्याची पिशवी घेऊन उभा होता. शेवटी सगळं उलटून पडलं. सहाव्या दिवशी पेजेची वाटी समोर आली तेव्हा माझी भूक मेली नव्हती, उलट मला भूक होती. पण हात चमच्याकडे जाईना. याला सिटोफोबिया म्हणतात, अन्नाची भीती. मी त्यावर व्याख्यानं दिली आहेत. व्याख्यानात ती एका ओळीत संपते.

अरुण दार उघडायला गेला तेव्हा मी अर्धी वाटी बेसिनमध्ये ओतली आणि नळ सोडला. तो परत आला. रिकाम्या वाटीकडे बघून त्याचा चेहरा इतका उजळला की मला दुसरं काही लिहिणं शक्यच नव्हतं. ‘घेतलेलं प्रमाण’ या रकान्यात मी ‘पूर्ण’ लिहिलं.

लिहून झाल्यावर मी त्या शब्दाकडे बघत राहिले. अक्षर माझंच होतं. पण त्या रकान्यात तो शब्द मी दुसऱ्या एका अक्षरात कितीतरी वेळा वाचला होता. बारीक, गोल, शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळवलेल्या मुलीचं असावं असं अक्षर.

परबबाई.

त्या करी रोडच्या चाळीतल्या. पस्तिशीच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेल्यावर एका इमारतीचा रखवालदार झाला. मूळच्या मालवणकडच्या. आजार माझाच, तोच, त्याच जागी. माझ्या सुवर्णपदकवाल्या अभ्यासात त्यांचा क्रमांक सतरा. शस्त्रक्रियेआधी वजन वाढवायला त्यांना वॉर्डात ठेवलं होतं, खिडकीजवळच्या खाटेवर. दर सकाळी मी फेरीला गेले की त्या उठून बसत, फॉर्म पुढे करत. सकाळ, पूर्ण. दुपार, पूर्ण. संध्याकाळ, पूर्ण. मी लाल शाईने बरोबरची खूण करून शेजारी ‘छान’ लिहीत असे. परबबाई हसत. त्यांचं वजन उतरत होतं.

"बाई, खाल्लं नाहीत तर ऑपरेशन नाही," असं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. प्रेमाने सांगितलं होतं, असं मला तेव्हा वाटलं.

आता रोज दुपारी जेवणाच्या वेळी त्या येऊ लागल्या. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. त्या दिसल्या नाहीत, काही बोलल्या नाहीत. फक्त मी वाटी हातात घेतली की त्यांनी ती कशी धरली असेल ते मला कळायचं. अंगठा आत, बाकीची बोटं बाहेर, ओतायला सोपी. वॉर्डातलं बेसिन त्यांच्या खाटेपासून सहा पावलांवर होतं. इतकी वर्षं मला ते अंतर माहीत आहे याचाच पत्ता नव्हता.

मी बेसिनमध्ये ओतत राहिले. कधी अर्धं, कधी पाऊण. डॉक्टर असल्याचा फायदा असा की खोटं प्रमाणात बोलता येतं. रोज ‘पूर्ण’ लिहिलं तर संशय येईल म्हणून मी अधूनमधून ‘पाऊण’ लिहायचे. परबबाईंना एवढी अक्कल नव्हती, असं एकदा मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

दर आठवड्याला फॉर्म पूजाकडे जायचे. ती लाल पेनाने खूण करायची आणि लिहायची, ‘छान, मॅडम’. शेजारी हसरा चेहरा काढायची. चेहरा तिचा स्वतःचा शोध. बाकी पद्धत माझी.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी समीरने बोलावलं. अरुण बरोबर होता. वजन दीड किलोने उतरलं होतं. समीरने सगळे फॉर्म टेबलावर पत्त्यांसारखे मांडले होते.

"खाणं जवळजवळ पूर्ण आहे आणि वजन उतरतंय," तो म्हणाला. "म्हणजे मालअॅब्सॉर्प्शन." मालअॅब्सॉर्प्शन म्हणजे खाल्लेलं अंगी न लागणं. "रोग वरच्या आतड्यातही असणार, स्कॅनमध्ये दिसला नाही इतकंच. अशा वेळी कापाकापी नको. ऑपरेशन पुढे ढकलू. आधी इम्युनिटी दाबणारं औषध जोरात सुरू करू."

मी मांडलेल्या फॉर्मांवरचं माझं ‘पूर्ण’ वाचत होते.

"मॅडम, तुमच्या पेपरमधला सतरा नंबर आठवतो ना? सेम पॅटर्न. मी थीसिसमध्ये त्यावर अख्खं पान लिहिलंय."

सतरा नंबर मला आठवत होता. त्यांनाही मी हेच निदान केलं होतं. खाणं पूर्ण आणि वजन कमी, अर्थात अंगी लागत नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली, स्टेरॉइड वाढवली. उपाशी शरीराची उरलीसुरली प्रतिकारशक्ती आम्ही औषधाने दाबली. छातीत जंतुसंसर्ग झाला आणि परबबाई अकरा दिवसांत गेल्या. पेपरमध्ये त्यांच्यावर एक परिच्छेद आहे. ‘पुरेसा आहार घेऊनही प्रतिसाद न देणारा रुग्ण’, अशा अर्थाचा. त्या परिच्छेदामुळे पेपरला खोली आली, असं परीक्षक म्हणाले होते.

आणि मला एकीने सांगितलं होतं. वॉर्डात सावंतमावशी होत्या, ताटं उचलणाऱ्या. एकदा त्यांनी मला दारात गाठलं. "बाय, ती खिडकेकडची खाणा नाय हां. सगळा बेसिनीत वतता. मी बघलंय."

मी म्हटलं, "मावशी, फॉर्म बघा. सगळं लिहिलेलं आहे."

"फॉर्म तुमी बघा," मावशी म्हणाल्या. "ताट मी उचलतंय."

मी हसले होते. नंतर चहाच्या वेळी सहकाऱ्यांना हा किस्सा सांगितलाही, मावशीच्या हेलासकट. सगळे हसले होते.

समीर औषधाची चिठ्ठी लिहू लागला होता. मी तीच चिठ्ठी लिहिली होती, याच इमारतीत, दोन मजले खाली. मी आता गप्प बसले असते तर माझ्यावरही एक परिच्छेद लिहिला गेला असता, आणि समीरने तो चांगला लिहिला असता.

"समीर, सतरा नंबर चुकीचा आहे," मी म्हणाले.

"चुकीचा म्हणजे?"

"ती बाई खात नव्हती. मीही खात नाहीये."

त्याचं पेन थांबलं. "पण फॉर्म..."

"फॉर्म मी भरलाय. अर्ध्याहून जास्त बेसिनमध्ये जातं."

अरुणकडे बघायची माझी हिंमत नव्हती. तोच बोलला.

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"बेसिनचं पाणी तुंबत होतं. खालचा पाइप मी दोनदा उघडला. शितांनी भरलेला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू ‘पूर्ण’ लिहिलं होतंस. फॉर्म तुझा, विषय तुझा. मी जहाजवाला, मी काय बोलणार?" मग म्हणाला, "दर वेळी वाटायचं, उद्या खाशील."

समीरने चिठ्ठी फाडली. रागावला होता, आणि माझ्यावर रागावता येत नसल्यामुळे त्याचे कान लाल झाले होते. "मॅडम, मला तरी सांगायचं होतं."

"तुम्ही लोक ‘छान’ लिहिता रे," मी म्हणाले. "त्याच्यापुढे खरं लिहिता येत नाही."

त्याच दिवशी दुपारी मला नळी घातली. नेझोजेजुनल ट्यूब, म्हणजे नाकातून जठराच्या पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाणारी बारीक नळी. तिच्यातून पातळ अन्न यंत्राने थेंब थेंब सोडतात, दिवसभर. अरुंद रस्त्यातून एकदम वाटीभर जात नाही, पण थेंब जातो. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर देऊ नये, रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदय बिघडतं, म्हणून सुरुवात अगदी कमी. हे सगळं मला पाठ होतं. नळी घशातून उतरताना "गिळा, गिळा" म्हणणारी नर्स मी शंभर वेळा पाहिली होती. गिळताना डोळ्यांतून पाणी येतं ते रडणं नसतं, असंही मी पेशंटना सांगत आले. पूर्ण खरं नाही ते.

नळीला मी मनातून घाबरले होते. खात नाही असं कळलं की हीच घालतात, हे ठाऊक होतं; तीही टाळायलाच इतका खटाटोप केला. तुम्हाला नळी सुचवली गेली तर एवढंच सांगते: पहिला दिवस वाईट, दुसरा बरा, चौथ्या दिवशी मी नळीसकट अरुणबरोबर पत्ते खेळले आणि हरले. कळ आली नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा पोट गप्प होतं.

वजन हळूहळू चढलं. शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा झाली, पण झाली. वीतभर आतडं काढलं. आठ दिवसांनी मी घरी आले आणि महिन्याभराने पेज जेवले. अरुण समोर बसला होता. दोन चमचे उरले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. "उरले," मी म्हणाले. त्याने वाटी उचलली आणि ते दोन चमचे स्वतः खाल्ले. आमच्या लग्नातली ही एक मोठी घटना आहे असं माझं मत आहे.

थोडी ताकद आल्यावर मी माळ्यावरची खोकी काढायला लावली. अभ्यासाच्या मूळ फॉर्मच्या प्रती मी जपून ठेवल्या होत्या. पदक मिळालं की माणूस कागद फेकत नाही. सतरा नंबरचा गठ्ठा सापडला. एकूण एकोणतीस दिवस. बारीक, गोल अक्षर. पूर्ण, पूर्ण, पूर्ण. प्रत्येक पानावर माझी लाल खूण, माझं ‘छान’.

सहाव्या दिवसाच्या दुपारी मात्र खाडाखोड होती. आधी ‘थोडी’ लिहिलं होतं. त्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी ‘पूर्ण’. खाली मी लिहिलेलं ‘छान’ त्या खाडाखोडीला जवळजवळ चिकटून होतं. म्हणजे ते पान मी वाचलं होतं. लाल शाई त्या ‘थोडी’पासून बोटभरही लांब नव्हती.

परबबाई खरोखर ओतत होत्या, याचा पुरावा माझ्याकडे आजही नाही. सावंतमावशींचं सांगणं आहे, एक खोडलेला शब्द आहे आणि माझा स्वतःचा अनुभव आहे. संशोधक म्हणून मी हे तिन्ही पुरावे फेटाळले असते. फेटाळलेच होते. मी त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं, की सतरा क्रमांकाच्या रुग्णाविषयीचा निष्कर्ष विश्वासार्ह नाही आणि तो मागे घ्यावा. उत्तर आलं की विषय जुना आहे, तरी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. लाल शाईचं ‘छान’ कुठे कुठे पोचतं पाहा.

परबबाईंची चाळ आता नाही. तिथे टॉवर उभा आहे. टॅक्सी लालबागच्या पुलावर चढली की तो दिसतो. घरच्यांचा पत्ता मी शोधला, करी रोडला दोन दुकानांत विचारलं. एक म्हातारे दुकानदार म्हणाले, "परब? चार घरं होती परबांची. तुमची कोणती?" मला त्यांच्या नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं. सावंतमावशी निवृत्त होऊन गावी गेल्या. कोणतं गाव, हे कार्यालयात कुणाला ठाऊक नाही.

फॉर्म मात्र बदलला. त्यासाठी समितीपुढे जावं लागलं. ‘उरले’ हा रकाना परत घालायला कुणाचीच हरकत नव्हती. पण नुसत्या रकान्याने काय होणार, लोक पुन्हा ‘काही नाही’ लिहिणार. म्हणून मी म्हटलं, तो रकाना पेशंटने भरायचा नाही. जी मावशी ताट उचलते तिने भरायचा, आणि सही करायची. यावर चर्चा झाली. मावशी प्रशिक्षित कर्मचारी नाहीत, त्यांची नोंद शास्त्रीय कशी मानायची, असं एक सदस्य म्हणाले. ते माझेच जुने सहकारी. चहाच्या वेळी हसलेल्यांपैकी एक. मी म्हटलं, "त्यांना बघता येतं. आपल्याला ते जमलं नव्हतं."

दुसरी अट, फॉर्मवर कुणी ‘छान’ लिहायचं नाही. पूजाला वाईट वाटलं. "हसरा चेहरा पण नाही, मॅडम?" नाही.

समितीने नव्या फॉर्मला माझं नाव देऊन छोटासा प्रकाशन समारंभ करावा असं सुचवलं. शाल, श्रीफळ, दोन शब्द. मी म्हटलं, शाली पुरेशा आहेत, आणि तळाचं नाव काढून टाका.

परवा मी तपासणीला गेले होते. वजन ठीक आहे. औषध आयुष्यभर घ्यायचं आहे आणि आजार परत येऊ शकतो, हे मला माहीत आहे. वॉर्डातून जाताना एका खाटेच्या पायथ्याशी नवा फॉर्म लटकत होता. पेशंटने लिहिलं होतं, ‘पूर्ण’. शेवटच्या रकान्यात दुसऱ्या, जाड, सवय नसलेल्या अक्षरात होतं: ‘भात अर्धा. दूद तसच.’ खाली सही. समीर ते वाचत खाटेजवळ उभा होता. मग त्याने खुर्ची ओढली, त्या बाईंशेजारी बसला आणि विचारलं, "खाल्लं की दुखतं का?"

बाईंनी आधी दाराकडे बघितलं, कुणी ऐकतं आहे का ते. मग मान हलवली. हो.

तुम्ही पेशंट असाल तर आधी उरलेलं सांगा. कुणी रागावलं तरी सांगा. कुणाचा चेहरा उतरला तरी सांगा. तुम्ही घरचे असाल आणि पाइपात शितं सापडली तर बोला, समोरचा माणूस कितीही शिकलेला असला तरी. समीर, पूजा, नळी घालणारी नर्स आणि अरुण यांच्यामुळे मी हे लिहायला आहे. सावंतमावशींचे आभार मात्र मला योग्य वेळी मानता आले असते, ते मी मानले नाहीत.

सतरा नंबरचा गठ्ठा मी माळ्यावर परत ठेवलेला नाही. तो टेबलाच्या खणात असतो. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला मी पट्टीने रेघ मारून पाचवा रकाना आखला आहे, एकोणतीस पानांवर. वर ‘उरले’ असं लिहिलं आहे. खाली काही लिहिलेलं नाही. किती उरलं ते सांगणारी दारात उभी होती, आणि मी तिला फॉर्म बघायला सांगितलं होतं.